मुकी नळी

पेरणीनंतर नवव्या दिवशी उद्धवरावांनी निरोप धाडला नाही, ते स्वतःच आले. अंगणात बाज टाकलेली होती तरी बसले नाहीत. पाणी नको म्हणाले. "चंपतराव, वावरात चला," एवढंच बोलले आणि पुढं चालायला लागले.

वाटेत मी दोनदा बोलून पाहिलं. यंदा थंडी लवकर पडेल असं म्हटलं, त्यांच्या लंगडणाऱ्या बैलाची चौकशी केली. ते नुसतं हूं म्हणत होते. बांधावर पोचल्यावर त्यांनी हातानं समोर दाखवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

समोर त्यांचं आठ एकर काळं रान होतं. त्यात मी रब्बीची ज्वारी पेरून दिली होती. ज्वारी उगवली होती. चार ओळी हिरव्या, बोटभर उंच. मग दोन ओळींची जागा नुसती काळी. पुन्हा चार हिरव्या, पुन्हा दोन काळ्या. या बांधापासून त्या बांधापर्यंत असंच. कोणी मोजून काढून न्यावं तशी ती ज्वारी गेली होती.

मी खाली बसलो आणि काळ्या जागेत माती उकरली. कुजका दाणा सापडला असता, मुंगीनं पोखरलेला सापडला असता, तरी मला बरं वाटलं असतं. दाणा नव्हताच. वीतवीत उकरत पुढं सरकलो तेव्हा कुठं एक कोंब लागला.

"पाखरं असतील," मी म्हणालो.

"पाखरं मोजून खात नाईत, चंपतराव," उद्धवराव म्हणाले.

हे सन सत्त्याऐंशीचं, दसऱ्यानंतरचं. आंध्रातल्या आदिलाबादकडच्या तलमडुगूच्या आसपासच्या आठ-दहा गावांत तेव्हा पेरणी म्हटलं की माझं नाव निघायचं. माझी स्वतःची जमीन अडीच एकर, तीही मुरमाड. पण माझी मूठ चांगली, असं लोक म्हणत. ज्यांनी तिफण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिफणीला तीन फण असतात, ते एकदम तीन ओळी ओढतात. ओळीला आमच्याकडं तास म्हणतात. प्रत्येक फणाला वरून एक पोकळ बांबूची नळी येते आणि तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीत मिळतात. ती वाटी म्हणजे चाडं. पेरणाऱ्यानं मुठीत दाणे घेऊन चाड्यावर हात धरायचा आणि चालता चालता बोटं अशी सैल करायची की तिन्ही भोकांत सारखे दाणे पडले पाहिजेत. ना दाट, ना विरळ. ते शिकवता येत नाही. बापानं मला शिकवलं नव्हतं, मी त्याच्या मागून चालत बघितलं होतं.

तिफणीच्या मागं एक सुटी नळी दोरीनं बांधलेली असते, सरतं म्हणतात तिला. ते बाईनं धरायचं आणि तीनपैकी एका तासात दुसरं बी सोडायचं. खरिपात तूर, रब्बीत करडई. माझ्यामागं वीस वर्षं माझी बायको जयवंता सरतं धरत आली होती.

अलीकडं काही वर्षं ती सरतं नेहमी उजव्या तासात धरायची. तिफण जाताना एकीकडं आणि परत येताना दुसरीकडं वळते, त्यामुळं दोन उजवी तासं शेजारी शेजारी पडतात आणि करडई जोडीनं उगवते. माझ्या पेरणीची ती खूणच झाली होती. लोक त्याला जोडतास म्हणायला लागले. चंपतरावांचं पीक एकसारखं येतं ते जोडतासामुळं, असा समज पसरला आणि इचोड्याकडच्या काही शेतकऱ्यांनी आपल्या बायकांना दटावून सरती उजवीकडं घ्यायला लावली. मला कोणी त्यातली मेख विचारली की मी मिशीवर हात फिरवून गप्प बसायचो. मेख मलाच माहीत नव्हती. ही बाई उजवीकडून चालते, तिची सवय असेल, एवढंच मी समजत होतो.

त्या वर्षी जयवंता पेरणीला नव्हती. आमची मुलगी पद्मिनी बेल्याकडं दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच होतं आणि जयवंता तिकडं गेली होती. जाताना ती मला चारदा म्हणाली, आठ दिवस थांबा, मी आल्यावर पेरू. मी हसलो. ओल कोणाच्या सासूची वाट बघते का, असं म्हणालो. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बस लागली होती.

तिच्या जागी मी शेजारच्या बयनाबाईला घेतलं. बयनाबाई विधवा, हाताला चपळ, तोंडाला त्याहून. तिनं विचारलं, "सरतं कोनत्या तासात धरू, भाऊ?" मी म्हणालो, "धर कुठंबी. करडईले काय समजते?" तिनं मधल्या तासात धरलं, तिथं चालायला सोपं जातं म्हणून.

उद्धवरावांच्या बांधावर तोवर चार माणसं जमली होती. बापूजी नावाचे म्हातारे होते, ते म्हणाले की चंपतवर कोणीतरी मूठ मारली. मुठीवरच मूठ मारली, असं दुसरा म्हणाला आणि दोघं हसले. करणीची मूठ त्यांच्या मनात होती. मला हसू आलं नाही, पण त्या बोलण्यानं मला वाट मिळाली. दोष माझ्या बाहेर कुठंतरी होता, एवढंच मला हवं होतं.

परत येताना विहिरीवर बयनाबाई भेटली. तिथं आणखी बायका होत्या. मी त्या सगळ्यांसमोर बोललो. तिच्या पायगुणाबद्दल बोललो. वीस वर्षांत असं झालं नाही, तू एकदा वावरात पाय ठेवला आणि हे झालं, असं म्हणालो. आणखीही बोललो, ते इथं लिहीत नाही.

तिनं घागर खाली ठेवली.

"भाऊ, मी करडई सोडली, ज्वारी नाई. माह्यी करडई मधल्या तासात उगवली का नाई, पाहून या. अन् ज्वारी उजव्या तासात नाई. उजवं तास कोनाचं होतं?"

एवढं बोलून ती घागर उचलून गेली. बायका माझ्याकडं बघत होत्या. मी घरी आलो.

मी तिफण उलटी केली. नळ्या फुंकून पाहिल्या, तार घालून पाहिली. तिन्ही साफ होत्या. मग तिफण सरळ उभी करून भिंतीला टेकवली, नळ्यांच्या तोंडाखाली तीन ताटल्या मांडल्या, कमरेला बांधायच्या ओटीत ज्वारी घेतली आणि चाड्यावर मूठ धरली. जागच्या जागी पावलं टाकली. लाज वाटते सांगायला, पण बैल हाकतात तसं तोंडानं चक् चक् सुद्धा केलं. शंभर पावलं मोजली.

डावी नळी वाजत होती. मधली वाजत होती, जरा जास्तच. उजवी मुकी होती.

खाली बघितलं. डाव्या ताटलीत मूठभर ज्वारी. मधल्या ताटलीत दीड मूठ. उजव्या ताटलीत अकरा दाणे. मी ते दोनदा मोजले.

मग मी डाव्या हाताची मूठ धरली. सवय नव्हती, दाणे सांडले, पण तिन्ही नळ्या वाजल्या.

तेव्हा मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. रोजचा हात. त्या हातानं मी सकाळी भाकर मोडली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडं वाकून घट्ट मिटलेली होती. ती दोन्ही मी मिटली नव्हती. मला वाटत होतं ती सैल आहेत. उघडायचा हुकूम दिला तेव्हा जराशी हलली आणि परत तशीच झाली.

कुंपणाला बाभळीचे काटे होते. एक काढला आणि करंगळीत टोचला. लागलं नाही. आणखी दाबला. रक्ताचा थेंब वर आला, आणि लागलं नाही. अंगठ्यात टोचला तेव्हा मी ओरडलो. पुन्हा करंगळीत टोचला. ते बोट दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

कोंबड्या येऊन तिन्ही ताटल्या साफ करून गेल्या, तरी मी उठलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आदिलाबादला आणि तिथून बेल्याला गेलो. पद्मिनीच्या घरी जयवंता अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती, पायांवर नातवाला घेऊन तेल लावत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला नाही की आलात का म्हणाली नाही. तिची नजर माझ्या हातावर गेली. करंगळीवर काट्यांच्या सात-आठ खुणा होत्या, रक्त वाळलेलं.

"पेरलं ना तुमी," ती म्हणाली.

तेव्हा मला समजलं की तिला माहीत आहे. हात सुन्न असल्याचा धक्का एक दिवस जुना झाला होता. हा नवा होता.

मी विचारलं, कधीपासून. तिनं नातवाला उलटं केलं, पाठीला तेल लावलं आणि मग सांगितलं. पाचवं वरीस. एकदा मी चुलीतलं जळतं लाकूड उचलून बिडी पेटवली होती आणि ते तसंच हातात धरून गप्पा मारत बसलो होतो. चामडी जळाल्याचा वास तिला आला, मला आला नाही. तिनं लाकूड काढून घेतलं तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो होतो की बिडी तरी ओढू दे. मला ते आठवलं. फोड आला होता, मी म्हणालो होतो एखादा किडा चावला असेल.

त्यानंतर तिनं पेरणीत कान लावला. मागं चालणारीला सगळं ऐकू येतं, ती म्हणाली. तीन नळ्यांचा आवाज एकमेकांत मिसळून येतो, भाकरीच्या पिठासारखा. त्या वर्षी त्यातली एक मधूनच थांबायची. त्याच हंगामात पुढं जास्त थांबायला लागली. तेव्हा ती सरतं घेऊन उजव्या तासात आली. ओटीत करडईबरोबर ज्वारी मिसळून घेतली.

"तुमी तीन तासं पेरत नवते," ती म्हणाली. "दोन तुमी पेरत होते. एक मी."

मी खाली बसलो. आठ-दहा गावं. जोडतास. मिशीवरून फिरवलेला हात.

"सांगितलं काऊन नाई?"

नातू झोपला होता, त्याला तिनं पद्मिनीकडं दिलं, हात पुसले.

"सांगितलं असतं त तुमी घरी बसले असते. अन् घरी तुमी कसे असता, मले ठावं हाय. भाजीत मीठ नसलं तरी तुमाले समजत नाई. पद्मी कोनत्या वर्गात होती ते तुमाले कदी सांगता आलं नाई. घरात तुमी नुस्ते ठेवल्यावानी असता. चाड्यावर हात धरला का तुमी मानसात येता. बैलाशी बोलता, मातीशी बोलता, मह्याशी बी बोलता. मले तो मानूस पाह्यजे होता. वर्साचे दोन महिने का असेना."

ती पुढं बोलत राहिली, आणि पुढचं जे बोलली त्यानं मी उठून उभा राहिलो. कुष्ठरोगाची तपासणी करणारा सरकारी माणूस सायकलवर दरवर्षी गावात यायचा, घरोघरी माणसांची कातडी बघायचा. तो आला की जयवंता मला काहीतरी काढून इचोड्याच्या बाजाराला पाठवायची. दोरखंड आणा, मीठ आणा, कुऱ्हाडीला दांडा बसवून आणा. पाच वर्षं मी त्या दिवशी इचोड्याला होतो.

"महारोग म्हनलं असतं त बियाणं कोनं देलं असतं तुमच्या हाती?" ती म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. "वावरात पाय ठिवू देला असता कोनं?"

मी तिच्यावर ओरडलो. मुलीच्या सासरी, व्याह्यांच्या अंगणात ओरडलो. माझी बोटं तू खाल्ली, असं म्हणालो. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मी थांबल्यावर म्हणाली, हो.

या बाईनं पाच वर्षं माझं नाव राखलं. याच बाईनं पाच वर्षं माझा रोग झाकला आणि त्यात माझी दोन बोटं गेली. दोन्ही खरं आहे. यातलं कोणतं आधी लिहावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी बसमध्ये परत येताना आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो आणि मला एकच हिशेब लागत नव्हता. ती वीस वर्षं माझ्यापासून दोन पावलांवर चालत होती. तिनं माझ्या नळ्या ऐकल्या. मी तिच्या सरत्याचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. सरतं वाजतं का, हेही मला माहीत नव्हतं.

आम्ही घरी न जाता आदिलाबादलाच उतरलो. तो सायकलवाला तिथं सरकारी खोलीत बसायचा. गोपाळराव नाव. त्यांचं घराणं फार पूर्वी शहरात येऊन राहिलेलं, बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध, पण माणूस साधा. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. मी कोंबडीच्या पिसानं हाताला शिवेन, जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा, असं म्हणाले. मी डोळे मिटले. मनगटाच्या वर दोनदा लागलं, मी बोट ठेवलं. मग काही लागेना. मी वाट बघत बसलो. शेवटी मी म्हणालो, साहेब, सुरू करा.

"सतरा वेळा लावून झालं, बाबा," गोपाळराव म्हणाले. "उघडा डोळे."

मी उघडले तेव्हा पीस माझ्या करंगळीवरच होतं.

कोपरावरचा फिकट चट्टा त्यांनी दाखवला. मी तो नायटा समजत होतो. कोपराच्या आतली शीर त्यांनी दाबली, ती सुतळीसारखी जाड लागत होती. गोळ्यांची पाकिटं दिली आणि स्वच्छ सांगितलं, की रोग जाईल, नक्की जाईल, औषध सुरू झालं की दुसऱ्याला होणार नाही, पण या दोन बोटांबद्दल मी शब्द देत नाही. जयवंता दाराशी उभी होती. तिनं विचारलं, पाच वर्षं आधी आलो असतो तर? गोपाळरावांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि पाकिटावर काहीतरी लिहीत राहिले. ते उत्तर आम्हा दोघांना समजलं.

पहिली गोळी घेतल्यावर मला लाल लघवी झाली. औषधाचा रंग उतरतो असं गोपाळरावांनी सांगून ठेवलं होतं, तरी मी भिंतीला धरून उभा राहिलो.

इथंच एक गोष्ट सांगून टाकतो, ती पुढच्या काळातली आहे. ब्याण्णव साली आमच्या गावात साक्षरतेचा वर्ग निघाला आणि मी पन्नाशी ओलांडल्यावर डाव्या हातानं अक्षरं गिरवायला शिकलो. शिकल्यावर सगळे करतात तेच मी केलं, गावात फिरून दिसेल ते वाचलं. शाळेच्या मागच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं, एकदा तेलुगूत, एकदा मराठीत. वरचा रंग उडाला होता. "अंगावर सुन्न चट्टा असल्यास दाखवा. कुष्ठरोग बरा होतो. औषध मोफत." गुरुजींना विचारलं, हे कधीचं. ते म्हणाले, त्र्याऐंशीचं. त्या भिंतीला मी दर हंगामाला तिफण टेकवून सावलीत बसत असे. जयवंताही बसत असे. पाठ त्या अक्षरांना लावून आम्ही भाकर खाल्ली होती.

तर, सत्त्याऐंशी सालीच परत येतो. बेल्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी उद्धवरावांकडं गेलो. जयवंता म्हणाली, बोटाला मार लागला म्हणा, पुरे आहे. मला तसं म्हणता आलं असतं. पण विहिरीवर बोललेलं परत घ्यायचं होतं, आणि ते खोट्यानं परत येत नाही. मी उद्धवरावांना त्यांच्या ओसरीवर, बापूजी आणि दोघं-तिघं बसले असताना, रोगाचं नाव घेऊन सांगितलं. ज्वारी माझ्या हातानं गेली आणि याआधी पाच वर्षं जी वाचली ती जयवंताच्या हातानं वाचली, हेही सांगितलं.

बापूजी बाजेवरून हळूच पलीकडं सरकले. मला ते दिसलं. उद्धवराव माझ्या हाताकडं बघत होते.

"पाच वर्सं तुमच्या मुठीची ज्वारी खाल्ली आमी," ते म्हणाले. "आता सरकून काय होते, बापूजी? बसा जागेवर."

बापूजी जागेवर आले, पण अर्धेच.

तिथून बयनाबाईच्या दारात गेलो. ती सुपात ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं आणि चुकलो म्हणालो. तिनं पाखडणं थांबवलं नाही.

"हाताले समजत नवतं ते समजलं, भाऊ," ती म्हणाली. "तोंडाले बी समजत नवतं का?"

ती पाखडत राहिली. मग म्हणाली की विहिरीवर त्याच वेळी या, त्याच बायका असतात, तिथं बोला. मी गेलो आणि तिथं बोललो. माझ्या आयुष्यात तितकं लांब अंतर मी चाललो नाही, आणि विहीर घरापासून दीडशे पावलांवर आहे.

उद्धवरावांची रिकामी तासं जयवंता, बयनाबाई आणि आणखी दोघींनी खुरप्यानं दाणे टोबून भरली. ओल अजून होती. मला वाटलं माझं काम तिथं संपलं. पण त्यांचं नाल्याकडचं दीड एकराचं तुकडं ओलसर होतं म्हणून पेरायचं राहिलं होतं, ते आता वाफशावर आलं. उद्धवराव बैल घेऊन आले, तिफण उभी केली आणि चाडं रिकामं ठेवून आमच्याकडं बघत राहिले. आमच्या गावात चाड्यावर बाईची मूठ कोणी पाहिली नव्हती.

मी ओटी सोडली आणि जयवंताच्या कमरेला गुंडाळली. माझ्या बोटांना गाठ मारता येईना, ती तिनं मारली.

"मले जमनार नाई," ती म्हणाली.

"उजवी नळी पाच वर्सं पेरली तू," मी म्हणालो. "राहिल्या दोनच."

मी मागं जाऊन सरतं धरलं. डाव्या हातानं करडई सोडायला लागलो. उद्धवरावांनी बैल हाकले.

पहिल्या दहा पावलांत मला कळलं. मी कान देऊन ऐकत होतो, चूक सापडावी म्हणूनही असेल, खोटं कशाला बोलू. चूक नव्हती. तिन्ही नळ्यांचा आवाज एकच येत होता. माझ्या भरातल्या दिवसांतही इतका एकसारखा आला नसेल. वळणावर बैल फिरले तेव्हा माझी मूठ नेहमी क्षणभर तुटायची, तिची तुटली नाही. मी चालता चालता थांबलो. दोरी ताणली गेली, सरतं हातातून सुटलं. ती शिकली कधी? मागून बघून शिकली होती, मी बापाच्या मागून शिकलो तशीच. वीस वर्षं माझ्या मागून एक माझ्याहून चांगली मूठ चालत होती आणि तिच्या हातात मी एक नळी दिली होती.

"काय झालं?" उद्धवरावांनी पुढून विचारलं.

"काई नाई," मी म्हणालो. "हाका."

तुकडं उगवलं ते लोक येऊन बघून गेले. बोलणं झालंच. बाईनं चाडं धरलं, नवऱ्याला रोग, आता काय राहिलं, असंही बोलले. चार घरांनी पुढच्या खरिपात आम्हाला बोलावलं नाही. त्यांतलं एक बापूजींचं. मी गोळ्या संपवल्या. गोपाळरावांनी मी बरा झालो असं सांगितलं. बोटं वाकलेलीच राहिली.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याआधी एका सकाळी मोटारसायकलवर एक तरुण शेतकरी आला. बेल्याकडचा होता, मी त्याला ओळखत नव्हतो. मी अंगणात नळ्या साफ करत होतो. त्यानं गाडी उभी केली आणि विचारलं, "ते मुठीवाले, जोडतासवाले, इथंच राहतात का?"

मी तोंड उघडलं. वीस वर्षांची सवय होती, हो म्हणायची. ते हो माझ्या जिभेवर आलं होतं, आणि मला धक्का बसला तो याचा, की एवढं सगळं झाल्यावरही ते अजून तिथंच बसलेलं होतं.

"मुठीवाली," मी म्हणालो. "थांबा, बोलावतो."

मी आत हाक मारली. चुलीजवळ भांडी वाजली, मग जयवंता पदरानं हात पुसत दारात आली. आधी तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या माणसाकडं.

"रान काळं हाय का मुरमाचं?" तिनं विचारलं.